पाठीतलं पाणी काढायचं म्हणजे?

मानवतहून एका भगिनींनी विचारलं आहे : ‘धाकट्या जावेच्या मुलाला पंधरा दिवस ताप नि डोकेदुखी आहे. डॉक्टर म्हणतात, पाठीतलं पाणी तपासायला परभणीला न्या. सासूबाई म्हणतात, पाणी काढलं की माणूस लुळा होतो. काय करावं?’

ही भीती घरोघर आहे. सासूबाईंवर रागावू नका. माणूस लुळा पडतो तो मेंदूज्वरानं; बोल मात्र सुईला लागतो.

मेंदू नि मज्जारज्जूभोवती नितळ पाणी असतं. मोठ्या माणसात ते सुमारे १५० मिलिलिटर, आणि रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. तपासणीला चहाचे एक-दोन चमचे पुरतात, मुलांना त्याहून कमी. ते काही तासांत भरून येतं. सुई टोचतात तीही मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली, कमरेत.

या पाण्यात पाहायचं काय? पेशी, साखर आणि प्रथिनं. निरोगी मोठ्या माणसाच्या १०० मिलिलिटर पाण्यात प्रथिनं साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम असतात. मेंदूच्या आवरणाला क्षयाची बाधा झाली, की ती बहुधा शंभरापुढे जातात, पेशी वाढतात, साखर उतरते. कधी कधी नळीत ठेवलेल्या पाण्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते.

क्षयाचे जंतू या पाण्यात फार थोडे असतात. ते वाढवून पाहायला आठवडे लागतात. म्हणून नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या संशोधकांनी जंतूंची प्रथिनंच पाण्यात शोधली, आणि ती सापडतात हे २००५ साली दाखवलं.

डॉक्टरांना विचारा, आधी डोक्याचा स्कॅन हवा का? चालू असलेली सगळी औषधं सांगा. नंतर डोकं दुखलं तर मुलाला पडून राहू द्या, पाणी-सरबत द्या. बहुधा दोन-चार दिवसांत उतरतं. न उतरलं तर पुन्हा दाखवा. मात्र मान ताठली, उलट्या थांबेनात, मूल गुंगीत गेलं किंवा झटके आले, तर सकाळची वाट पाहू नका.

क्षयाचा मेंदूज्वर बरा होऊ शकतो. औषध नऊ महिने ते वर्षभर घ्यावं लागतं; सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. पण उशीर झाला, तर मूल वाचूनही नजर, कान, हातपाय अधू राहू शकतात. सासूबाईंना हे वाचून दाखवा, आणि मुलाला घेऊन जाऊबाई नि भावजींना आजच्या आज परभणीला पाठवा.