विहिरीतून समुद्रात

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याला समुद्र नाही. मी पोहायला शिकलो ते मामाच्या शेतातल्या विहिरीत, कमरेला वाळका भोपळा बांधून. विहिरीत शिकलेल्या माणसाला एक सवय लागते. दहा-बारा हात मारले की तो वळायला बघतो, कारण समोर भिंत आलेली असते. ही सवय माझ्या अंगात किती मुरली आहे ते मला चाळिशीत कळलं, मालवणच्या चिवला बीचवर, डिसेंबरातल्या सागरी जलतरण स्पर्धेत.

गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅन शर्यतीच्या तयारीला लागलो, तो माझा पहिलाच हिवाळा होता. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची, २१.१ किलोमीटर धावायचं आणि हे सगळं साडेआठ तासांत. २०१९ साली ही शर्यत पणजीच्या मिरामारला पहिल्यांदा झाली. पहाटे साडेचारला सायकल काढून पैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, एक दिवसाआड धावायचं, असा माझा क्रम चालला होता. पोहणं कच्चं आहे हे ठाऊक होतं. पण मनात एक हिशेब पक्का बसला होता: पाण्यात गेलेला वेळ सायकलवर भरून काढू.

मालवणला भरून काढायला सायकल नव्हती. शिट्टी झाली, सगळे पाण्यात शिरले. पंधरा मिनिटांनी मान वर केली तर नारिंगी बोया पार डावीकडे गेला होता आणि आजूबाजूला एकही टोपी दिसेना. होडीतून एका पोराची हाक आली, "ओ दादा, थंय खंय चाललात? हंय येवा!" मी बराच वेळ जोर लावून भलतीकडेच पोहत होतो. तिन्ही खेळ एका दिवशी असते तर हे मी कधीच मान्य केलं नसतं, लाटांना दोष देऊन मोकळा झालो असतो. परत आल्यावर गावच्या तळ्यात, भोईकाकांचा तराफा शेजारी ठेवून, दर सहाव्या हाताला मान वर काढून समोरचं चिंचेचं झाड बघायची सवय लावली. तीन महिने लागले.

म्हणून ट्रायथलॉन, म्हणजे हे तिन्ही खेळ एकत्र, करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं असतं, की वर्षात एकेका खेळाच्या स्पर्धा घ्या. त्याने तयारी विस्कटते असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. हा खेळ मुळात आला कुठून ते पाहा. हवाईच्या ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या स्पर्धा आधीपासून होत होत्या: वायकिकीचं समुद्रातलं पोहणं, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. पोहणारा जास्त दमाचा की धावणारा, या वादातून नौदलातल्या जॉन कॉलिन्स यांनी तिन्ही एका दिवसात जोडल्या. मॅरेथॉन जिथून सुटायची तिथे सायकल संपावी म्हणून तिचं अंतरही थोडं कापलं. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पूर्ण केली.

सायकलसाठी मी नागपूरची २०० किलोमीटरची ब्रेव्हे धरतो. आम्हाला हैदराबादपेक्षा नागपूर जवळ. शिवाय तिथल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केल्यापासून त्या गावाबद्दल मनात वेगळाच आदर आहे. ब्रेव्हेत पहिला-दुसरा नंबर नसतो. साडेतेरा तासांत, मधल्या ठिकाणांचे शिक्के घेत परत यायचं, बस. माझी ताकद १४० व्या किलोमीटरला संपली. पायांत गोळे नव्हते, श्वास ठीक होता, पण हँडल धरलेले हात थरथरत होते. भूक लागेपर्यंत मी काही खाल्लंच नव्हतं. रस्त्याकडेच्या टपरीवर दोन केळी आणि मूठभर गूळ-शेंगदाणे खाल्ले, वीस मिनिटं बाकावर बसलो आणि मग जीवात जीव आला. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला तोंडात काहीतरी टाकतो. ९० किलोमीटरच्या सरावात हे उमगलं नसतं. तेवढं अंतर उपाशीपोटीही रेटता येतं, आणि त्याची किंमत पुढे धावताना मोजावी लागते.

एक चूक मात्र केली, ती सांगायलाच हवी. ऑगस्टच्या अखेरीस हैदराबाद मॅरेथॉन असते. उत्साहाच्या भरात मी पूर्ण ४२ किलोमीटर धावलो, तेही जीव तोडून. उड्डाणपुलांचे चढ-उतार गुडघ्यात बसले. पुढचे तीन आठवडे जिना उतरताना कठडा धरावा लागत होता आणि गोव्याला जेमतेम दोन महिने उरले होते. पुढच्या वर्षी अर्धीच धावलो, घड्याळ पिशवीत ठेवून. मोठ्या शर्यतीच्या वर्षात पूर्ण मॅरेथॉन घेऊ नये असं माझं आता ठाम मत आहे. आणि जो खेळ कच्चा, त्याची स्पर्धा सगळ्यात आधी, हातात महिने असताना घ्यावी.

येत्या डिसेंबरात पुन्हा मालवण. शेतात कापसाची वेचणी ऐन भरात असेल, घरी तसं आधीच सांगून ठेवलंय. या वेळी पुतणीही येणार आहे. ती मामांच्या त्याच विहिरीत शिकली, बारा हात मारले की वळते. सध्या रोज सकाळी तळ्यावर तिला घेऊन जातो. सहाव्या हाताला मी काठावरून ओरडतो, "झाड बघ!"