शस्त्रक्रियेची रजा आणि नोकरीची राखण

घरांतील कमावत्या माणसाची शस्त्रक्रिया ठरली म्हणजे आपल्या कुटुंबांत तयारीस सीमा राहत नाहीं. रुग्णालयांत रात्रीं कोणीं राहावयाचें, डबा कोणीं पोंचवावयाचा, पथ्याला काय लागेल, पैशाची तरतूद कोठून करावयाची, हें सारें जेवणें आटोपल्यावर एकत्र बसून ठरतें. एक गोष्ट मात्र बहुधा कोणीच विचारीत नाहीं : कचेरीला लेखी कळविलें आहे काय? ‘साहेबांच्या कानावर घातलें आहे, ते भले गृहस्थ आहेत,’ एवढ्यावर आपलें समाधान होतें. साहेब भले असतील. परंतु साहेबांची बदली होते, आणि त्यांच्या भलेपणाची नोंद कोणत्याही दप्तरांत नसते.

आमच्या विश्रांतवाडींत अशीं घरें पुष्कळ आढळतात कीं, ज्यांत एका छपराखालीं तीन प्रकारचे नोकरदार नांदतात. थोरले बंधु राज्य सरकारच्या कचेरींत, धाकटे कारखान्यांत, आणि सूनबाई येरवडा-विमाननगरकडील एखाद्या खाजगी कंपनींत. तिघांचें दुखणें एकच असलें तरी तिघांच्या रजेचा कायदा एक नाहीं. थोरल्यांना मिळाली तशीच रजा सूनबाईंनाही मिळेल असें धरून चालण्यानें घात होतो.

सरकारी नोकराची बाजू त्यांतल्या त्यांत भक्कम. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांप्रमाणें सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागें २० दिवसांची अर्धवेतनी रजा खातीं जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर तीच रजा पूर्ण वेतनाची, म्हणजे ‘परिवर्तित’, करून घेतां येते. मात्र एका दिवसापोटीं खात्यांतून दोन दिवस वजा होतात. ज्याची दहा वर्षांची ही रजा शिल्लक आहे, त्याच्या २०० दिवसांचे असे १०० दिवस होतात. अर्जित रजा आहे ती निराळी. परंतु रजा हक्क म्हणून मागतां येत नाहीं, असेंही तेच नियम सांगतात. आणि आजाराच्या रजेवरून परत येतांना तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. भक्कम घरालाही कडी लावावी लागते, ती ही.

कारखान्यांतील कामगाराची कथा जुनी आहे. १८८४ सालीं मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांच्या वतीनें जें निवेदन केलें, त्यांत आठवड्याच्या सुटीबरोबरच आणखी एक मागणी होती : कामावर जबर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावें. साठ वर्षांनीं, १९४४ सालीं, प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनीं कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सरकारला दिला, आणि त्यांतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा मासिक २१,००० रुपये ठरविण्यांत आली. नेमलेल्या सहामाहींत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर आजारपणांत वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षांतून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. असा भत्ता चालू असतां कामगारास काढून टाकूं नये, असें त्या कायद्याच्या ७३ व्या कलमांत स्पष्ट लिहिलें होतें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला आहे. तेव्हां तक्रार लिहितांना जुन्या कलमाचा आंकडा न घालतां जाणत्याकडून नवा आधार पाहून घ्यावा. मात्र भत्ता मिळतो तो योजनेच्या डॉक्टरच्या दाखल्यावर, हें विसरूं नये.

सर्वांत नाजूक स्थिति सूनबाईंची. महाराष्ट्रांतील दुकानें व आस्थापनांचा २०१७ चा कायदा ज्यांस लागू आहे, त्यांस वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते; आणि वर्षांत २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागें एक दिवस भरपगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत सांठवितां येते. आजाराच्या रजेचें निराळें कलम त्यांत नाहीं. त्यामुळें खाजगी नोकरींत नेमणुकीचें पत्र आणि कंपनीचे रजेचे नियम हेच खरें शास्त्र. तें शास्त्र शस्त्रक्रियेच्या आधीं वाचावें. गुंगी उतरल्यावर वाचून उपयोग नाहीं.

आमच्या परिचयांतील एका बाईंची हकीकत बोलकी आहे. पित्ताशयांतील खड्यांसाठीं त्यांची शस्त्रक्रिया झाली. दहा दिवसांची रजा तोंडी ठरली होती; पण जखम चिघळली आणि महिना लोटला. मध्यंतरीं वरिष्ठ गृहस्थ नोकरी सोडून गेले, आणि बाईंच्या हातीं पत्र आलें कीं, विनापरवानगी गैरहजर राहिल्यामुळें आपलें नांव कमी करण्यांत येत आहे. दैवयोगानें, जखमेविषयीं त्यांनीं त्या वरिष्ठांस फोनवरून पाठविलेला दोन ओळींचा निरोप आणि ‘काळजी करूं नका’ हें त्यांचें उत्तर पुसलें गेलें नव्हतें. तें उत्तर, रुग्णालयाचें तारीखवार कार्ड आणि लेखी खुलासा यांच्या बळावर त्या पुन्हां रुजू झाल्या. महिनाभराच्या बोलण्यानें जें झालें नसतें, तें दोन ओळींनीं केलें.

अशा गैरहजेरीविषयीं न्यायालयांचे दोन निकाल लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, असा नियम एका कारखान्याच्या स्थायी आदेशांत होता. १९९३ सालीं डी. के. यादव प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, असा नियम असला तरी कामगाराचें म्हणणें ऐकल्यावांचून त्यास काढतां येत नाहीं. २०१२ सालीं कृष्णकांत परमार प्रकरणांत, एका केंद्र सरकारी कर्मचाऱ्याविषयीं, तेंच न्यायालय म्हणालें कीं, आजार वा रुग्णालयांतील वास्तव्य यांमुळें घडलेली अनुपस्थिति बुद्धिपुरस्सर केलेली म्हणतां येत नाहीं. परंतु वाचकांनीं हेंही जाणावें कीं, यादव यांची नोकरी सुटली १९८० सालीं आणि अखेरचा निकाल लागला १९९३ त. न्याय मिळतो, पण तोंवर चूल थांबत नाहीं. म्हणून वाद उद्भवूंच न देणें हें शहाणपण.

सुश्रुतानें शस्त्रकर्माचे तीन भाग सांगितले आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. रजेलाही तेच तीन भाग लावावे. पूर्वकर्म म्हणजे शस्त्रक्रियेचा दिवस ठरतांच केलेला लेखी अर्ज. त्यांत रजेचा प्रकार, पहिला व अखेरचा दिवस आणि डॉक्टरनें सांगितलेली विश्रांतीची मुदत हीं असावींत. रोगाचें सविस्तर वर्णन करण्याचें कारण नाहीं. सोबत दाखला जोडावा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. ई-मेलनें पाठविल्यास ती आपल्या खाजगी पत्त्यावरही ठेवावी, कारण कचेरीचें खातें कचेरीच्या हातीं असतें. प्रधानकर्माच्या काळांत रोगी लिहूं शकत नाहीं. म्हणून मुदत वाढण्याचा रंग दिसतांच, मूळ रजा संपण्यापूर्वींच, घरच्या माणसानें वाढीचा अर्ज नव्या दाखल्यासह धाडावा. तें कोणी करावयाचें, हें डब्याच्या वेळींच ठरवावें. पश्चात्कर्म म्हणजे तंदुरुस्तीच्या दाखल्यासह रुजू होणें. ओझें उचलण्याची किंवा फार वेळ उभें राहण्याची मनाई असेल, तर ती त्या दाखल्यांतच लिहवून घ्यावी. आणि दुखण्याच्या बिछान्यावर राजीनाम्याचा कागद समोर आला, तर त्यावर त्या दिवशीं सही करूं नये.

शस्त्रक्रियेनें कायमचें अपंगत्व आलें तरी सर्व संपलें असें नाहीं. डावा पाय कापावा लागलेल्या कुणाल सिंग नांवाच्या शिपायास सेवेंतून काढलें असतां, २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचे हक्क राखले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचें २० वें कलम हेंच सांगतें : सरकारी आस्थापनेंत सेवेंत असतां अपंगत्व आलेल्यास काढतां येत नाहीं, त्याच वेतनश्रेणीची दुसरी जागा द्यावी, आणि ती नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करावें.

आपल्या पांढरपेशा घरांत दुखणें झांकण्याची आणि मागण्यास संकोचण्याची खोड जुनी आहे. ‘एवढ्याशा गोष्टीसाठीं अर्ज कसला?’ असें म्हणण्यांत आपणांस कुलीनता वाटते. परंतु रजेचा अर्ज ही याचना नव्हे. मालक व नोकर या दोघांनाही आपलें कर्तव्य ठाऊक राहावें, एवढ्यासाठीं केलेली ती नोंद आहे. ज्याच्या पोटावर टांके आहेत, त्याच्या मनावर नोकरीची धास्ती राहूं नये, हेंही शुश्रूषेचेंच अंग आहे. आणि तें घरांतील ज्याचें अक्षर बरें आहे अशा कोणालाही करतां येण्यासारखें आहे.