‘वाकू नका’ म्हणणाऱ्यांना

कंबरदुखीचा रोगी दवाखान्यातून बाहेर पडतो तेव्हा गोळ्यांबरोबर मनाईची एक यादीही घेऊन निघतो. वाकू नका, वजन उचलू नका, मांडी घालून बसू नका, कमोडच वापरा, दुचाकी टाळा. गोळ्या पाच दिवसांच्या असतात, मनाईला मात्र मुदत नसते. काही वर्षांनी हाच माणूस भेटला तर खाली पडलेला रुमाल मुलाकडून उचलून घेताना दिसतो. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं कारण त्याला जन्मभर पुरतं.

माझं म्हणणं असं आहे की तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेल्या कंबरदुखीत ही बिनमुदत मनाई दुखण्यावरचा उपाय राहत नाही, दुखण्याचाच भाग होऊन बसते. पण आधी पूर्वपक्ष मांडायला हवा, कारण तो अगदीच वेडगळ नाही.

पूर्वपक्ष म्हणतो, मणक्यांच्या मध्ये गाद्या आहेत, वाकलं की त्यांच्यावर दाब येतो, दाबाने त्या झिजतात, सरकतात, म्हणून वाकू नये. स्वीडनमध्ये आल्फ नाचेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून हा दाब मोजला होता. पुढे झुकून वजन उचलताना तो बराच वाढतो, हे त्यांचं मोजमाप खोटं नव्हतं. उतावळेपणा झाला तो पुढच्या पायरीवर: दाब वाढतो म्हणजे इजा होते. साधं चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो, पण गुडघे वाचवण्यासाठी निरोगी माणसाला कोणी चालणं सोडायला सांगत नाही. पाठ वाकवून उचलणाऱ्यांची कंबर ताठ पाठीने उचलणाऱ्यांपेक्षा जास्त दुखते का, याचा धांडोळा घेणारा एक आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. तसा भरवशाचा पुरावा त्यात हाती लागला नाही. दिवसचे दिवस अतोनात ओझी वाहणं कमरेला बाधतं, हे खरंच. पण त्यावरून रुमालाला बंदी घालता येत नाही.

पूर्वपक्षाचा दुसरा पुरावा म्हणजे एमआरआय. ‘एल फोर, एल फाइव्हला गॅप आलाय’ हे वाक्य आपल्याकडे आता घरोघरी ऐकू येतं. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले त्यांत अवघे ३६ टक्के निघाले. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा कसलाही त्रास नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरात हाच आकडा ९६ टक्क्यांवर गेला. म्हणजे झीज दिसली एवढ्यावरून दुखण्याचं मूळ सापडलं, असं म्हणता येत नाही. तरीही रिपोर्ट हातात पडल्यावर माणूस काचेच्या भांड्यासारखा स्वतःला जपू लागतो.

तिसरा आधार विश्रांतीचा. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली टेक्सासमध्ये कंबर धरलेल्या २०३ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एकाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात. बरं होण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या रजा ४५ टक्क्यांनी कमी झाल्या. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या नगरपालिकेतल्या कर्मचाऱ्यांवर याच्या पुढचा प्रयोग झाला. काहींना अंथरूण, काहींना ठरावीक व्यायाम, काहींना ‘झेपेल तसं रोजचं चालू ठेवा’ एवढंच. सगळ्यांत लवकर सावरले ते रोजचं चालू ठेवणारे, सगळ्यांत उशिरा अंथरुणातले. हे दोन्ही अभ्यास ताज्या दुखण्यावरचे आहेत, हे सांगायला हवं. पण ज्या ताज्या दुखण्यात विश्रांतीची बाजू सर्वांत भक्कम असायला हवी, तिथेच ती टिकत नसेल तर जुन्या दुखण्यात ती कशाच्या बळावर टिकणार?

(आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. उसण बहुधा तिची तीच उतरते आणि श्रेय पायाला मिळतं. पण पायाळू माणूस निदान त्यानंतर वर्षभर वाकू नकोस असं सांगत नाही.)

आता मंडन. निरोगी माणूस उभ्याने पुढे वाकतो तेव्हा कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आधी जोर लावतात, धड हळूहळू खाली सोडतात, आणि वाकणं पुरं झालं की गप्प होतात. तिथे भार अस्थिबंध पेलतात, स्नायूंना उसंत मिळते. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५० च्या दशकात स्नायूंतले विद्युत्संकेत टिपून ही शांतता नोंदवली. जुनाट कंबरदुखीच्या पुष्कळ रोग्यांत ही शांतता येतच नाही. पूर्ण वाकल्यावरही त्यांचे स्नायू पहाऱ्यावर असतात. विश्रांती घ्या म्हणून ज्याला बजावलं, त्याच्या पाठीलाच क्षणभर विश्रांती नाही!

असा माणूस खुर्चीवरून उठताना नीट पाहा. श्वास रोखलेला, दोन्ही तळवे मांड्यांवर, धड फळीसारखं एकसंध. चालतानाही तसंच. आपण चाल वाढवली की खांदे आणि ओटीपोट एकमेकांच्या उलट दिशेने वळू लागतात. याच्या बाबतीत हे वळणं कमी होतं आणि कमरेपासून खांद्यापर्यंतचा भाग एकाच ठोकळ्यासारखा पुढे सरकतो. उसण भरते त्या पहिल्या दिवसांत हे आखडणं शहाणपणाचं असतं. पण दुखापत भरून आल्यावरही ते सुटलं नाही, तर तेच स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात, थकतात, दुखतात. दुखलं की माणूस आणखी आखडतो. योहान व्ह्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली या चक्राची नेमकी मांडणी केली: दुखणं, त्यातून इजेची भीती, भीतीतून टाळणं, टाळण्यातून अशक्तपणा आणि पुन्हा दुखणं. याचा अर्थ दुखणं मनाचे खेळ आहेत असा मुळीच नाही. कळ खरीच असते. फक्त ती किती इजा झाली हे सांगत नाही, शरीर किती धास्तावलंय हे सांगते.

धास्ती घालवता येते, हेही दिसलेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून टीव्हीवरून थेट सांगायला सुरुवात केली की कंबर दुखली तरी हिंडतेफिरते राहा, कामावर राहा. लोकांची समजूत बदलली, डॉक्टरांचीही बदलली आणि कंबरदुखीपोटी होणारे भरपाईचे दावे घटले.

मग रोग्याला सांगायचं काय? वाकायलाच सांगायचं, पण पायरीपायरीने. आधी स्टुलावर बसून श्वास सोडत हात गुडघ्यांवरून नडग्यांकडे सरकू द्यायचे. मग तेच उभ्याने. मग जमिनीवरची रिकामी बादली, पुढे अर्धी भरलेली. कळ थोडी वाढली म्हणून थांबायचं नाही, दुसऱ्या दिवशीही ती उतरली नाही तर एक पायरी मागे यायचं. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, पायातली ताकद जाऊ लागली, ताप येतो आहे, वजन घटतं आहे, पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे किंवा मोठा मार बसला आहे, तर मात्र हा लेख बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठावा.

इथवर वाचून व्यायामवाले खूश झाले असतील, म्हणून त्यांच्याकडेही वळतो. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात दिसलं की कंबरदुखीच्या रोग्यांत पोटाचा एक खोल स्नायू किंचित उशिरा जागा होतो. एवढ्यावर ‘कोअर’ची बाजारपेठ उभी राहिली. पोट आत ओढून धरा, उठताना धरा, शिंकताना धरा! जो आधीच आखडलेला आहे त्याला आणखी आखडायला शिकवणारा हा उपाय लांबच्या पल्ल्यात साध्या व्यायामाहून सरस ठरलेला नाही. व्यायामाचा गुण येतो, पण तो माफक असतो. त्याला चमत्कार म्हणून विकू नये. चालण्याचं म्हणाल तर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातलाच ७०१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ज्या लोकांना टप्प्याटप्प्याने आठवड्यातून पाच दिवस, अर्धा अर्धा तास चालण्यापर्यंत नेण्याचा कार्यक्रम दिला, त्यांना पुढचा झटका यायला मध्यम हिशेबाने २०८ दिवस लागले, इतरांना ११२. झटका टळला नाही, लांबला. आणि त्याला मॅट लागत नाही, मशीन लागत नाही. उलट ज्या वस्तूंवर आपल्याकडे भरपूर पैसे जातात, त्या कमरेच्या पट्ट्याला आणि ट्रॅक्शनला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी जुनाट कंबरदुखीसाठी नकार दिला आहे.

‘पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, त्यांना कुठे होती कंबरदुखी?’ असं म्हणणारेही याच गोटात सापडतात. होती. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

यातूनच सगळ्यांत वजनदार आक्षेप निघतो. कोकणात भातलावणीला सकाळपासून चिखलात ओणवी असलेली बाई दिवसभर वाकतेच आहे, तिला आणखी कसली हालचाल सांगता? आक्षेप रास्त आहे. तिच्या वाट्याला एकच हालचाल आहे, ती हजारदा करायची आहे आणि कधी थांबायचं हे तिच्या हातात नाही. मी ज्या हालचालीची बाजू घेतो आहे तिला विविधता लागते आणि माणसाची स्वतःची मर्जी लागते. त्या बाईला ‘वाकू नका’ म्हणणं म्हणजे मजुरी सोडा म्हणणं, आणि ‘व्यायाम करा’ म्हणणं ही थट्टा. तिला दुपारनंतर लावणीच्या रांगेतून काढून रोपांच्या मुठी बांधापासून खाचरापर्यंत पोचवायला लावलं, मध्ये मजुरी न कापता पाठ सरळ करू दिली, तर तिच्या कमरेला उतार पडण्याची शक्यता आहे. पण हे डॉक्टरच्या किंवा फिजिओच्या हातात नाही, शेतमालकाच्या हातात आहे.