गूळ खाऊन छातीतली धूळ जात नाही

खडीच्या क्रशरवर, फरशी कापणाऱ्यांत, जिनिंगमध्ये एक समज पक्का रुजला आहे: पाळी सुटली की गुळाचा खडा तोंडात टाकावा, छातीतली धूळ निघून जाते. काही ठिकाणी मालकच गूळ वाटतो आणि धुळीच्या जबाबदारीतून मोकळा होतो. माझा आक्षेप आहे तो या सुटकेला.

गुळाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे आधार आहे, तो आधी मान्य करू. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातले साहू आणि सक्सेना यांनी 1994 साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या श्वासनलिकेत 50 मिलिग्रॅम धूळ एकदाच सोडली, कोळशाची किंवा सिलिकाची. मग 90 दिवस, आठवड्यातून पाचदा, अर्धा ग्रॅम गूळ खाऊ घातला. त्या उंदरांच्या फुप्फुसांतली इजा कमी दिसली. काम प्रामाणिक आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. कोळशाचे कण फुप्फुसातून हलले ते जवळच्या लसिकाग्रंथींत गेले, शरीराबाहेर पडले नाहीत. उंदरांना धूळ एकदाच दिली होती, कामगार ती वर्षानुवर्षे रोज ओढतो. आणि मात्रेचे काय? उंदीर 200 ग्रॅमचा धरला, तर वजनाच्या हिशेबाने 60 किलोच्या माणसाला दिवसाला 150 ग्रॅम गूळ लागेल. पाळीनंतरच्या खड्याचा या प्रयोगाशी संबंध उरतो कुठे?

गूळ चघळल्यावर घसा मोकळा वाटतो, हे खरे. लाळ सुटते, घशाला चिकटलेली जाड धूळ खाली उतरते. पण जाड धूळ तशीही नाकात अडकते, बेडक्यातून पडते. जीव घेते ती डोळ्यांना न दिसणारी. साधारण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट वायुकोशांत पोचतात. तिथली भक्षक पेशी सिलिकाचा कण गिळते, तो तिला पचत नाही, ती मरते. मोकळा झालेला कण पुढची पेशी गिळते. हा दाह चालूच राहतो आणि फुप्फुसात कडक गाठी धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडून घरी बसल्यावरही तो वाढू शकतो, आणि अशा छातीत क्षय सहज शिरतो.

‘बिडी ओढतो म्हणून खोकतो’ हे दुसरे ठरलेले उत्तर. बिडी घातकच आहे, पण तिच्या आड धूळ लपवता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी-कार्मेल द्वीपकल्पावरच्या घोड्यांच्या फुप्फुसांत असाच धूलिजन्य आजार आढळला. त्याची नोंद 1981 साली झाली. तिथल्या मातीतली सिलिका श्वासावाटे आत गेली होती. त्या घोड्यांनी बिडी कधी ओढली होती?

घोड्यांकडून उपायही शिकण्यासारखा आहे. बुरशी धरलेल्या वाळक्या गवताच्या धुळीने घोड्याला दमा जडतो. जाणता पशुवैद्य आधी गवत भिजवून द्यायला सांगतो, घोड्याला कोंदट तबेल्यातून कुरणात काढायला लावतो. औषधे लागली तर देतो, पण धूळ तशीच ठेवून नुसत्या औषधांवर विसंबत नाही. माणसाच्या वाट्याला मात्र धूळ तशीच आणि वर गुळाचा खडा.

स्वयंपाकघरात ग्रॅनाईटचा ओटा बसवताना पाहा. कटर कोरडा चालला की खोली पांढरी होते, कापणाऱ्याच्या पापण्यासुद्धा. पात्यावर पाण्याची धार धरली की त्याच धुळीचा जागच्या जागी चिखल होतो. त्यासाठी पाण्याची जोडणी असलेले, शॉक न देणारे यंत्र लागते. तो खर्च ठेकेदाराने करायचा. क्रशरवर फवारे हवेत, पट्ट्यांवर झाकण हवे. जिथे पाणी चालत नाही तिथे धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. एन-95 अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि तोही बाकीचे सारे केल्यानंतर.

यात नवे काही मागितलेले नाही. धूळ उगमापाशीच ओढून घेण्याची तरतूद 1948 च्या कारखाना कायद्यात होती, आणि सिलिकोसिसचा रुग्ण आढळला की सरकारला कळवणे डॉक्टरवर बंधनकारक होते. पण क्ष-किरणात डाग दिसला की क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. काम कोणते, किती वर्षे, हे विचारलेच जात नाही. निदान नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून भरपाई नाही. राजस्थानने 2019 साली या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणले. आपल्याकडे निदान क्रशरची तपासणी तरी यंत्र चालू असताना, न कळवता व्हावी. बंद यंत्राशेजारचे फवारे पाहून धूळ किती उडते ते कळत नाही.