गुंठ्याला 170 रुपये

मावळात पाण्याला काय तोटा, हा प्रश्न ठरलेला. वडिवळ्याच्या तर उशाला कुंडलिकेवरचं धरण. तिथल्या भाजीवाल्याने हवामानाच्या नावाने का रडावं? पण वांगी-काकडीला इथे पाणी कमी पडतं, असं म्हणतंय कोण? भाजी जाते ती अवेळी पाण्याने. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजीच पुण्यात आला, त्याआधी वळवाने झोडपलं होतंच. वाफ्यात दोन दिवस पाणी तुंबलं की कोथिंबीर मुळापासून पिवळी पडते, आणि तिला धरणाचा काडीचा उपयोग नसतो.

मग सल्ला मिळतो पॉलिहाऊसचा. गुलाबवाल्यांना तो मानवला, नाकारत नाही. पण 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने मावळातल्या पॉलिहाऊसची काय दशा केली, हे सल्लागार सोयीने विसरतात. दहा गुंठ्यांच्या धन्याने कर्ज काढून वाऱ्यापुढे कागद ताणावा, याला धाडस म्हणता येईल, शहाणपण नाही.

आता भरपाई. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस पडला की अतिवृष्टी. मावळात आषाढात एवढा पाऊस कोण मोजतो? उलट आठवडाभराची झड आणि ढगाळ हवा टोमॅटोवर करपा आणते, तेव्हा आकडा 65 च्या आसपासही नसतो. 2023 मध्ये शासनाने ‘सततचा पाऊस’ही आपत्ती मानला, हे चांगलंच झालं. पण अट सरासरीच्या दीडपट पावसाची, आणि इथली सरासरीच दांडगी! एवढं करून मदत मिळालीच, तर 2022 च्या केंद्रीय दराने बागायतीला हेक्टरी 17,000, म्हणजे गुंठ्याला 170 रुपये. पीकविम्याच्या खरीप यादीत भात आहे, कांदा आहे, मेथी-कोथिंबीर नाही.

यावर कचेरीतलं उत्तर असं की गुंठा-गुंठा कोण मोजणार. अहो, 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून मोबाइलने फोटो चढवतोय. गटवार पीक तुमच्याच दप्तरात आहे. अडचण निराळी आहे: नोंद हंगामाला एकदा, आणि मेथी महिन्यात उपटून बाजारात जाते. एका खरिपात त्याच वाफ्यात तीन पिकं होतात, सातबाऱ्यावर एकच दिसतं. भाजीची नोंद महिन्याला घ्या आणि पाऊस मंडळाचा न धरता गावाचा धरा. एका मंडळात घाटमाथ्याकडचं गाव आणि नदीकाठचं गाव एका मापाने मोजणं हा विनोद आहे.

तरी माझा भर पैशावर नाहीच. सहा महिन्यांनी आलेल्या रकमेपेक्षा आठ दिवसांत मिळालेलं रोप मोलाचं, कारण तोवर हंगाम हातात असतो. म्हणून गावात दोन-तीन गुंठ्यांचं सामाईक शेडनेट हवं. बचत गटाने चालवावं. ट्रेमध्ये वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं पंधरवड्याच्या अंतराने टाकत राहावीत. पहिली लागण वाहून गेली तर दुसरी तयार. वाफे सपाट नकोत. उंच गादीवाफे, कडेला चर, काकडी-दोडक्याला बांबूचा मांडव. यात नवं काही नाही, पण चर खणायला मजुरी लागते आणि मांडवाला बांबू. अनुदान इथे द्या.

फुकट रोपं दिली तर लोक आळशी होतील, असंही कुणी म्हणेल. मग फुकट देऊ नका. अर्धी किंमत घ्या, पण रोप त्याच आठवड्यात द्या.