निवडून आल्यावरही नगरसेवकपद कसं जातं?

राखीव प्रभागातून निवडून येणं ही अर्धीच लढाई. मुंबई महापालिका कायद्यानुसार जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यावंच लागतं, नाहीतर निवडच मागील तारखेपासून रद्द होते. ही मुदत सहा महिन्यांची होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक ठरवली, कोल्हापूरसह अनेक शहरांतल्या नगरसेवकांची पदं धोक्यात आली आणि सरकारने घाईने मुदत वर्षाची केली.

अंधेरीत प्रश्न मुदतीचा नव्हता, दाखल्याचाच होता. २०१७ मध्ये निवडून आलेले भाजपचे मुरजी पटेल आणि केसरबेन पटेल यांचे जातीचे दाखले अवैध ठरले. पदं गेली ती २०१९ मध्ये. तोवर, कायद्याच्या लेखी, त्या राखीव जागांवर हक्कदार नव्हतेच!

मुरजी पटेल २०२४ मध्ये अंधेरी पूर्वचे आमदार झाले. तो मतदारसंघ खुला आहे, तिथे हे प्रमाणपत्र लागतच नाही.