आधीं नक्कल, मग दुरुस्ती

घरांतील संगणकाची डिस्क वाचली जाईनाशी झाली म्हणजे हल्लीं चहूंकडून एकच उपदेश ऐकूं येतो: दुरुस्तीचा प्रोग्राम चालवा. शेजारचा हुशार मुलगा हेंच सांगतो, दुकानदार हेंच सांगतो, आणि विंडोजही पडद्यावर सूचना देऊन तेंच सुचवितें. हा उपदेश सद्धेतूनें केलेला असला तरी घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि ज्या घरांत लग्नामुंजींचीं छायाचित्रें व वीस वर्षांचा पत्रव्यवहार एकाच डिस्कवर, एकाच प्रतींत पडून आहे, त्या घराला तर तो सर्वस्वीं घातक आहे.

सारा घोटाळा 'दुरुस्ती' या शब्दानें केला आहे. विंडोजमधील चेकडिस्क नांवाचा प्रोग्राम दुरुस्त करतो तो फाइलींचा हिशेब. फाइलींतील मजकूर नव्हे. जमाखर्च जुळत नाहीं असें दिसतांच न जुळणारी रक्कम खोडून वही बरोबर करणाऱ्या कारकुनासारखा त्याचा व्यवहार असतो. ज्या तुकड्यांचा धनी सांपडत नाहीं ते 'फाउंड.०००' नांवाच्या कोठडींत नुसते अनुक्रमांक देऊन कोंबले जातात. शिवाय खराब जागा हुडकण्यास सांगितलें तर तो अखंड डिस्क धुंडाळतो. हें काम कित्येक तास चालतें, आणि मरणोन्मुख यंत्राचे तेच तास शेवटचे ठरण्याचा संभव असतो.

चकत्यांच्या हार्ड डिस्कवर मजकूर ५१२ किंवा ४०९६ बाइटांच्या सेक्टरांत लिहिलेला असतो. एखादा सेक्टर वाचतां आला नाहीं म्हणजे डिस्क तो 'प्रलंबित' म्हणून नोंदते. पुढें तेथें नवें लिहिण्याची वेळ आली कीं जागा उपयोगीं पडली तर ठीक, नाहीं तर तिच्या बदलीं राखीव सेक्टर दिला जातो. कसेंही झालें तरी प्रलंबिताची नोंद पुसली जाते. म्हणून डिस्क संपूर्ण फॉरमॅट केली, म्हणजे तिच्यावर अथपासून इतिपर्यंत शून्यें लिहिलीं, कीं तो आंकडा शून्यावर येतो. दुकानदार 'झाली बरी' म्हणून पैसे घेतो. सेक्टरांत जें होतें त्याची चौकशी मग करावयाची कोणाकडे?

कोणी म्हणेल, दर वेळीं डिस्कच बिघडलेली असते काय? नसते. पुष्कळदां दोष केबलचा असतो. स्मार्ट नांवाची जी प्रकृतीची वही डिस्क स्वतः ठेवते, तींत सीआरसी चुकांचा आंकडा वाढत असून प्रलंबित सेक्टर शून्य असतील, तर आधीं केबल बदलावी. ही वही पाहण्यास क्षणभर पुरतो. ती पाहणारा दुकानदार मात्र विरळा! तथापि वही कोरी आहे म्हणून स्वस्थ बसणेंही बरोबर नाहीं. गूगलच्या संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांच्या वहींत चार मुख्य धोक्याच्या खुणांपैकीं एकही आढळली नव्हती.

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच कीं, बिघडलेल्या डिस्कवर एक अक्षरही न लिहितां तिची नक्कल दुसऱ्या, तितक्याच मोठ्या डिस्कवर आधीं उतरून घ्यावी. डीडीरेस्क्यू हा फुकट मिळणारा प्रोग्राम सहज वाचतां येणारा भाग प्रथम घेतो, अवघड जागा सोडून पुढें जातो, आणि काय राहिलें याची नोंद ठेवून मग मागें वळतो. वाळवी लागलेलें दप्तर जाणता लेखनिक याच रीतीनें नकलतो: सुटीं पानें आधीं, चिकटलेलीं शेवटीं. चेकडिस्क चालविण्याची हौसच असेल तर ती त्या नकलेच्या आणखी एका प्रतीवर खुशाल भागवावी.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हेंही करूं नये. वीज तत्काळ बंद करून डिस्क धूळरहित खोलींत उघडणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी. ती फ्रिजमध्यें ठेवण्याचा जो तोडगा कांहीं लोक सांगतात, त्यानें आंत बाष्प जमून उरलेंसुरलें जाण्याची भीति असते. आणि दुकानांत डिस्क देण्याची वेळ आलीच, तर नक्कल हातीं पडेपर्यंत फॉरमॅट करणार नाहीं, एवढें दुकानदाराकडून लिहून घ्यावें. जो लिहून देण्यास कुरकुर करील त्याच्याकडे डिस्क ठेवूं नये.